चोरीची नोंद ठेवणारं पोर

सकाळी लाईट आली की शेतकरी मोटार चालू करायला जातो. स्टार्टरचे बटण दाबतो, मोटार काही उचलत नाही. फ्यूज पाहतो, डीपी पाहतो, आणि मग वाटेने चालत विहिरीकडे किंवा नदीकडे निघतो. तिथे पोहोचल्यावर कळते की केबलच नाही. पेटीपासून चार हातांवर एक तुकडा, मोटारीजवळ एक तुकडा, मधली सगळी गायब. निमगाव सावा काय, पारगाव काय, साकोरी काय, जुन्नरच्या पूर्व पट्ट्यातल्या शेतकऱ्याला ही सकाळ नवीन नाही. कधी केबल, कधी अख्खी मोटार, कधी डीपीतले तेल आणि तांब्याची कॉईल, कधी बंधाऱ्याचे लोखंडी ढापे. आंबेगावातही तेच.

चोराची अक्कल मानली पाहिजे. थ्री फेज कोणत्या दिवशी रात्रीची आहे आणि कोणत्या दिवशी दिवसाची, हे त्याला आपल्याइतकेच पाठ असते. रात्री लाईट नसली की केबल मेलेली. तिला हात लावायला भीती नाही, कापायला एक कटर पुरे. शेतकरी घरी झोपलेला असतो, कारण पाणी धरायचे नाही आणि बिबट्याच्या धास्तीने अंधारात मळ्यात जायची कोणाची हिंमत होत नाही. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र झाले, पिंजरे लागले, सगळे झाले. पण उसातला बिबट्या काही हटला नाही. गंमत अशी की बिबट्याला शेतकरी भितो, चोर भीत नाही. ओढ्याच्या कडेला वरचे रबर जाळून तांबे मोकळे करायचे आणि भंगारात घालायचे, एवढाच धंदा. सकाळी काळा डाग आणि जळक्या रबराचा वास तेवढा मागे राहतो.

आता खरा प्रश्न. या चोऱ्यांपैकी किती कागदावर येतात? फार थोड्या. शेतकरी म्हणतो, जाऊ दे. तीन-चार हजारांच्या केबलसाठी ठाण्याला खेटे कोण घालणार? एक दिवस मोडतो, गाडीचे पेट्रोल जाते, आणि पिकाला पाणी तर आजच द्यायचे असते. तो उसनेपासने करून नवी केबल आणतो आणि विषय संपवतो. प्रस्तुत लेखकाने हा अनुभव स्वतः घेतलेला आहे. विहिरीवरचा स्टार्टर गेला तेव्हा ठाण्यात एका कोऱ्या कागदावर अर्ज लिहून घेतला, पोच मागितली तर 'उद्या या' म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही, कारण आम्हीही परत गेलो नाही. चूक दोन्हीकडची होती.

अशा वेळी घरातलं नववी-दहावीतलं पोर काय करतं, ते पाहण्यासारखं असतं. बापाला जे बोलायचं असतं ते तो पारावर बोलून मोकळा होतो. पोराच्या हातात मोबाईल असतो. ते फोटो काढतं, तारीख टाकतं, वाडीत अजून कोणाकोणाची केबल गेली ते विचारून येतं आणि लिहून ठेवतं. एकाची चोरी ही तक्रार असते. सात जणांची, एका रात्रीतली, एका काठावरची चोरी लिहिलेली असली की ती बातमी होते. पोराने हे लिहून चार लोकांना वाचायला दिले की पहिला विरोध घरातूनच येतो. "आरं, तुझी दहावी हाय का तू पोलीस खातं चालवतोय? नसतं झेंगट घरात आणू नको." दुसरा विरोध गावातून येतो. गावाची बदनामी होते, सोयरिकी मोडतील, असे म्हणणारे कोणी ना कोणी असतेच.

आमचे मत स्पष्ट आहे. त्या पोराला गप्प बसवू नका. त्याला नीट लिहायला शिकवा.

मुलाने आपल्या आळीतल्या गुन्ह्यांविषयी लिहावे ही काही मोबाईलबरोबर आलेली टूम नव्हे. आपल्याच पुणे शहरात १८५५ साली चौदा वर्षांच्या एका मुलीने हे केलेले आहे. तिचे नाव मुक्ता साळवे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतली ती विद्यार्थिनी, मातंग समाजातली. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय' या पत्राने १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापला. मोठमोठ्या इमारतींच्या पायात तिच्या समाजाच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरत असत, हे तिने लिहिले. पेशवाईत तालीमखान्यासमोरून मांग किंवा महार गेला तर त्याचे काय होत असे, हे लिहिले. गुलटेकडीच्या मैदानाचे नाव तिने घेतले. तिच्या समाजातल्या बायका उघड्यावर, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होतात, हेही सांगितले. तिच्या शेजारापाजारात या गोष्टी सगळ्यांना माहीत होत्या, पण त्या माहीत असून कागदावर नव्हत्या. कागदावर आल्या म्हणून आज पावणेदोनशे वर्षांनी आपल्याला त्या नाकारता येत नाहीत. तिच्या लिहिण्यातली एक गोष्ट आमच्या पोरांनी ध्यानात घ्यावी. तिने नुसता आक्रोश केला नाही. काय झाले, कुठे झाले, कोणाच्या राज्यात झाले, हे सांगितले. ठिकाण सांगितले की ऐकणाऱ्याला ते खोटे ठरवायला तिथे जावे लागते.

अलीकडची उदाहरणेही आहेत. दिल्लीत रस्त्यावर राहणाऱ्या आणि मजुरी करणाऱ्या मुलांनी 'बालकनामा' नावाचे पत्र २००३ पासून चालवले. त्यातले बातमीदार अठरा वर्षांखालचे. आपल्यासारख्या मुलांना होणारी मारहाण, त्यांची पिळवणूक, यावर ती स्वतः लिहीत आली. अमेरिकेत पेनसिल्वेनिया राज्यातल्या एका लहान गावात हिल्डे लिसियाक ही नऊ वर्षांची मुलगी स्वतःचे गल्लीपत्र काढत असे. २०१६ साली तिच्या घराजवळ खून झाला, तिने जागेवर जाऊन चौकशी केली आणि बातमी मोठ्या लोकांच्या आधी दिली. तेव्हा तिला काय ऐकावे लागले? हे तुझे वय नाही, बाहुल्यांशी खेळ. म्हणजे नसते झेंगट म्हणणारे लोक सातासमुद्रापारही आहेत.

असो. आता आपल्या केबलकडे येऊ. नोंद का पाहिजे, हे समजायला थोडा कायदा पाहावा लागेल. १ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. यात शेतकऱ्याच्या दृष्टीने एक मोठा बदल झाला, त्याची गावात फारशी चर्चा झालेली नाही. चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर ती साधी चोरी आता अदखलपात्र आहे. म्हणजे ठाण्यात एन.सी. लिहून घेतील, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपास करता येणार नाही. समजा तुमची ऐंशी फूट केबल गेली आणि फुटाला पन्नास रुपये धरले, तर झाले ४,००० रुपये. कायद्याच्या नजरेत ही किरकोळ बाब. तुमच्या नजरेत मात्र टोमॅटोचे दोन दिवसांचे पाणी चुकले, त्याचा हिशोब यात कुठेच नाही.

मग काय करायचे? इथेच त्या पोराच्या वहीचे मोल आहे. त्याच रात्री शेजारच्या शेतकऱ्याची मोटारसुद्धा गेली असेल तर ती पाच हजारांच्या वरची, म्हणजे दखलपात्र. एकाच प्रकरणात दखलपात्र आणि अदखलपात्र असे दोन्ही गुन्हे असतील तर सगळे प्रकरण दखलपात्र धरले जाते, ही तरतूद जुन्या कायद्यातही होती, नव्यातही आहे. पण एका रात्रीत एकाच टोळीने दोन्ही चोऱ्या केल्या हे दिसणार कसे? प्रत्येक शेतकरी वेगवेगळ्या दिवशी जाऊन वेगवेगळा अर्ज देणार, किंवा देणारच नाही, तर ठाण्यात तो मेळ बसत नाही. शिवाय नव्या न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने केलेल्या किरकोळ संघटित गुन्ह्यांना एक ते सात वर्षांची कैद सांगितली आहे, आणि चोरीही त्यात येते. परंतु टोळी आहे असे म्हणायला आधार लागतो. महिनाभरात कोणत्या तारखांना, कोणत्या डीपीवरच्या, किती केबली गेल्या, त्या दिवशी थ्री फेज कोणत्या पाळीची होती, रबर कुठे जाळले होते, हे एका ठिकाणी लिहिलेले असेल तर तो आधार तयार होतो. बंधाऱ्याच्या ढाप्यांचे तर आणखी वेगळे. शेतीच्या पाण्याचा पुरवठा कमी होईल असे नुकसान जाणूनबुजून करणे हा कलम ३२६ खालचा गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ढापे गेले म्हणजे नुसते लोखंड गेले असे नव्हे, अडवलेले पाणी वाहून गेले. फिर्याद देताना हे सांगा. सांगितल्याशिवाय कोणी लिहून घेत नसते.

आणि चोरीचा माल घेणारा. कलम ३१७ खाली चोरीचा माल समजून-उमजून घेणारा गुन्हेगार आहे. जळके तांबे शेतकऱ्याच्या घरातून येत नसते, हे भंगार घेणाऱ्याला सांगावे लागत नाही. आमच्या मते तपास रात्रीच्या गस्तीपेक्षा इथून सुरू व्हावा.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, आणि ती पहिल्या बाजूपेक्षा जड आहे. मोबाईलवर लिहिलेले वाऱ्यापेक्षा लवकर पसरते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागून पोट भरणारी. मुले पळवणारी टोळी आली आहे असा मजकूर मोबाईलवर फिरत होता, तेवढ्यावर त्यांचा जीव गेला. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा गाडीवान अशा तिघांचा बळी गेला. तिथेही आधी चोर आल्याची, मुले पळवणारे आल्याची आवई होती. या दोन्ही ठिकाणी कोणीतरी पहिल्यांदा लिहिले किंवा बोलले असणार, आणि त्याला कदाचित आपण काही वाईट करतो आहोत असे वाटलेही नसेल. सावध राहा, एवढेच त्याला सांगायचे असेल.

आपल्याकडचीच गोष्ट घ्या. २०२४ साली पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्रीच्या वेळी ड्रोन घिरट्या घालतात म्हणून लोक घाबरले होते. चोर वरून टेहळणी करतात अशी बोलवा उठली. पोरे रात्र रात्र काठ्या घेऊन जागली. त्या काळात कोणी अनोळखी माणूस रस्ता चुकून वाडीवर आला असता तर काय झाले असते, याचा विचार करा. किती वाजता दिसला, कोणत्या दिशेने गेला, किती वेळ होता, हे लिहिणारे थोडे. 'आला रे आला' म्हणणारे फार.

म्हणून पोराला सांगायचे ते हे. झाले ते लिही, वाटले ते लिहू नको. केबल गेली, हे झाले. अमक्याने नेली असेल, हे वाटले. गावात मेंढपाळ उतरले होते, भांडी विकणाऱ्या बाया फिरत होत्या, पाल टाकून कोणी राहिले होते, हे चोरीच्या शेजारी लिहायचे नाही. एका वाक्याशेजारी दुसरे वाक्य ठेवले की वाचणारा दोन्हींची गाठ मारतो, आणि मारहाण झाली की लिहिणारा म्हणतो मी तसे म्हटलेच नव्हते. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, तो कायदा १९५२ साली रद्द झाला. गावोगावच्या डोक्यातून मात्र तो अजून गेलेला नाही. रात्री दिसलेल्या गाडीचा नंबर असेल, कोणाचा संशय असेल, तर तो कागद सरळ ठाण्यात द्यायचा, ग्रुपवर टाकायचा नाही. खोटा आरोप जाहीर केला तर बदनामीचा खटला होतो, तोही नव्या संहितेच्या कलम ३५६ खाली. आणि पकडलेला चोर किंवा ज्याच्यावर अन्याय झाला तो अठरा वर्षांच्या आतला असेल, तर त्याचे नाव, शाळा, पत्ता कुठेही प्रसिद्ध करायचा नाही. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ याला मनाई करते. हे तर आम्हा पत्रकारांनाही दर वेळी स्वतःला बजावावे लागते.

आणखी एक. पोराने रात्री दबा धरून बसायचे नाही. चोराच्या मागे पळायचे नाही. त्याचे काम सकाळी सुरू होते. रात्री काही हालचाल दिसली तर ११२ वर फोन करा. ज्या गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा सुरू आहे तिथे १८०० २७० ३६०० या नंबरावर बोललेला निरोप गावातल्या नोंदलेल्या सगळ्या मोबाईलवर एकाच वेळी जातो. तुमचा मोबाईल त्यात नोंदलेला आहे का, ते तरी एकदा पाहून घ्या.

काही मंडळी म्हणतील, पोराने लिहिलेले आधी सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना दाखवावे, त्यांनी पसंत केले तर पुढे जाऊ द्यावे. ही अट आम्हाला मान्य नाही. पोलीस पाटलाने वाचावे जरूर, चूक असेल तर दाखवावी. पण मंजुरीचा शिक्का नको. गावात चोरी करणारा दर वेळी परगावचा असतो असे नाही. कधी तो चांगल्या घरातला, दारूच्या किंवा मोबाईलवरच्या जुगाराच्या नादी लागलेला पोरगा निघतो, आणि मग गाव ते प्रकरण बैठकीत मिटवते. केबलचे पैसे भरून मिळतात, सगळे चहा पितात. एकदा असे झाले तर समजू शकते. चौथ्यांदा झाले तर चोरी करणाऱ्याला तो दर ठरून गेला असे समजायचे. नाव न लिहिता, चोरी झाली आणि गावाने मिटवली, एवढे लिहिण्याचा हक्क पोराला असला पाहिजे.

मोठ्यांचे काम मोठ्यांनी करायचे. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम १९६७ साली झाला, त्याप्रमाणे गावातल्या गुन्ह्यांची माहिती ठाण्याला देणे हे पोलीस पाटलाचे कर्तव्य आहे. त्यासाठी फिर्यादी स्वतः येण्याची वाट पाहायची गरज नाही. ज्या पोलीस पाटलांकडे चोऱ्यांची वही नीट भरलेली आहे त्यांना आमचा नमस्कार. ज्यांच्याकडे नाही त्यांनी एखाद्या दहावीच्या पोराला बोलावून घ्यावे, दोन संध्याकाळी लागतील. ग्रामपंचायतीने पुढच्या ग्रामसभेत एक विषय ठेवावा. गेल्या वर्षभरात गावात किती केबली, किती मोटारी, किती डीपी, किती ढापे गेले, आणि त्यांपैकी किती चोऱ्यांची ठाण्यात नोंद झाली. दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. ठाण्याचे साहेब ग्रामसभेला येणार असतील तर त्यांच्यासमोरच लिहावेत. गस्तीची गाडी कुठे फिरवायची हे नोंदलेल्या गुन्ह्यांवरून ठरते. आपल्या भागातून नोंदच गेली नाही तर गाडी दुसरीकडे फिरेल, त्यात साहेबांचा दोष काय?

शेतकऱ्याने फिर्याद कशी द्यावी, तेही सांगून ठेवतो. आता फिर्याद मोबाईल-संगणकावरूनही पाठवता येते, मात्र तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. चोरी दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली आहे म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही. दखलपात्र गुन्ह्याच्या फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. लिहून घेतलेच नाही तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते, आणि तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. हे सगळे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. फिर्यादीत 'अंदाजे किंमत' एवढेच लिहू नका. बिल जोडा. मोटार किती एचपीची, कोणत्या कंपनीची, तिच्यावरचा नंबर काय, केबल किती कोअरची आणि किती फूट, हे लिहा. चोरलेली मोटार सापडली आणि ती आपली आहे हे सांगता आले नाही, तर ती ठाण्याच्या आवारात गंजत पडते.

केबलचे आणि मोटारीचे बिल बहुतेकांकडे नसते. असलेच तर स्टार्टरच्या पेटीत खोचून ठेवलेले असते, आणि पेटी चोरीला गेली की बिलही जाते. या आठवड्यात एक काम पोराला सांगा. मोटारीवरच्या नंबराचा आणि बिलाचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवायला लावा, आणि पहिलं पान लिहायला लावा: आपल्या मळ्यात आज काय काय जागेवर आहे.